थायरॉइडची गोळी सुरू होऊन १९ दिवस झाले, बरं वाटायचं सोडून धडधड होतेय, बंद करू का?

कर्वेनगरची (२७ डिसेंबर, रात्री ११:१०)

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, आज लिहितेच. माझं वय ३८, शाळेत शिकवते, सकाळची शाळा त्यामुळे सव्वासहाला घराबाहेर पडावं लागतं. गणपतीपासूनच अंगात मरगळ होती, सकाळी उठलं की चेहरा सुजल्यासारखा, पोट साफ नाही, पाळीत इतकं जायला लागलं की दोन दिवस वर्गात उभं राहवत नव्हतं, आणि आवाज असा जड झाला की चौथीतली एक मुलगी विचारायला लागली बाई तुम्हाला रोज सर्दी असते का. मी म्हटलं दगदग, दुसरं काय. शेवटी नवऱ्यानेच धरून नेलं डॉक्टरकडे. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच १८.४ आलं, अँटी टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीची खूण) पण खूप जास्त, हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टर म्हणाले हाशिमोटो नावाचा थायरॉइडचा आजार आहे, ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी परत रक्त तपासायचं. सोबत लोहाची गोळी दिली, आणि कॅल्शियम मी आधीपासून घेतेच.

८ डिसेंबरला सुरू केली. पहिले चार-पाच दिवस इतकं छान वाटलं की मी घरात सगळ्यांना सांगत सुटले की बघा गोळी लागू पडली. मग परत धाडकन खाली, आधीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं, दुपारी शाळेतून आले की चपला काढून तशीच आडवी. आणि गेल्या आठवड्यापासून रात्री आडवं झालं की छातीत धडधड होते, दहा-पंधरा मिनिटं राहते आणि जाते. केस तर विचारूच नका, मोरीच्या जाळीवर रोज पुंजका. मैत्रीण म्हणते बायोटिन घे, ते केसांसाठीचं व्हिटॅमिन.

सासूबाई म्हणतात अंगाला सवय लागण्याआधीच बंद कर, एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. त्या प्रेमापोटीच म्हणतात, पण रात्री धडधड सुरू झाली की मलापण तेच वाटायला लागतं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट थेट जानेवारीच्या शेवटी आहे. तुमच्यापैकी कुणाला सुरुवातीला असं झालंय का, आणि किती दिवसांनी बरं वाटलं? माझं रोजचं असं आहे: पावणेसहाला गोळी, मग लगेच चहा कारण तेवढा एकच वेळ आम्ही दोघं बसून बोलतो, सहाला पोळीभाजी खाऊन त्यावर लोह आणि कॅल्शियम, की निघाले.

सहकारनगर_ताई (२८ डिसेंबर, सकाळी ७:३५)

अगं बाळा, आधी एक सांगते, बंद करू नकोस. पण धडधडीचं डॉक्टरांना आजच फोन करून सांग, जानेवारीची वाट बघू नकोस. फोनवर नाही भेटले तर दवाखान्यात जाऊन चिठ्ठी ठेव, किंवा तुमच्या जवळच्या फॅमिली डॉक्टरांना नाडी आणि बीपी दाखव. आणि छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली किंवा धडधड थांबेचना तर मग फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मी १२ वर्षं घेतेय ही गोळी. माझं टीएसएच ३१ होतं. माझंही पहिल्या महिन्यात तुझ्यासारखंच, एक दिवस स्वारगेटला बसमधून उतरले आणि घरी जायचा जिना दिसल्यावर रडायलाच आलं, चढवेचना. तेव्हा मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं ते तुला सांगते. ही गोळी क्रोसिनसारखी नाही, घेतली आणि तासात उतरला ताप. आज घेतलेल्या गोळीतलं अर्धं औषध सात दिवसांनीही अंगात असतं, थायरॉइड मंद असताना तर त्याहून थोडं जास्तच टिकतं. म्हणजे रोज थोडं थोडं साठत जातं आणि पातळी एका जागी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. आपण पुणेकर जूनमध्ये खडकवासल्याची पातळी बघत बसतो ना, पहिला पाऊस धो धो पडला तरी धरण दुसऱ्या दिवशी भरत नाही, आधी जमीन पिते, मग ओढे, मग कुठे पाणी चढताना दिसतं. तसं. म्हणून तर तुला सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलंय, त्याआधी तपासलं तर अर्धवटच कळतं. आणि ती टीएसएच भानगडही नीट समजून घे, ते थायरॉइडचं हार्मोन नव्हे, मेंदूच्या तळाची पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी थायरॉइडला जे ओरडून सांगते की काम कर काम कर, ते टीएसएच. थायरॉइड मागे पडली की ओरडा वाढतो. म्हणून आकडा जास्त म्हणजे थायरॉइड कमी.

मला जे परत आलं ते एकदम नाही आलं. आधी पोट साफ व्हायला लागलं, तिसऱ्या आठवड्यात. मग चेहऱ्याची सूज. थंडी वाजणं दीड-दोन महिन्यांनी कमी झालं, मी डिसेंबरात तीन गोधड्या घेऊन झोपायचे. पाळी तिसऱ्या महिन्यात सरळ झाली. केस सगळ्यात शेवटी, सहा महिने तरी धरून चाल, कारण आज जे गळतायत त्यांनी मूळ दोन-तीन महिन्यांपूर्वीच सोडलेलं असतं. सुरुवातीला गोळीमुळेही थोडे जास्त गळल्यासारखे वाटतात, पण ते थांबतं. वजनाचं तू लिहिलं नाहीस पण पुढे विचारशील म्हणून सांगते, थायरॉइडमुळे वाढलेलं असतं ते जास्त करून पाणी आणि मीठ, तेवढे दोन-चार किलो उतरतात, बाकीचं आपलं आपल्यालाच उतरवावं लागतं.

सासूबाईंना एवढंच सांग की ही सवय नाही. चष्म्याची सवय लागते का? नंबर आहे म्हणून चष्मा. तसं अंगात जे बनायला हवं ते बनत नाहीये, ते बाहेरून देतोय.

चहाबद्दल लिहायचं होतं पण स्वयंपाक राहिलाय, रात्री लिहिते.

पेठेतला_केमिस्ट (२८ डिसेंबर, दुपारी २:२०)

ताई, तुमचं रोजचं वेळापत्रक वाचलं आणि राहवलं नाही म्हणून दुकान बंद करून जेवायच्या आधी लिहितोय. २२ वर्षं काउंटरला उभा आहे, थायरॉइडच्या गोळ्या रोज देतो, आणि दहातले निम्मे लोक तुमच्यासारखंच घेतात कारण त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं.

पावणेसहाला गोळी आणि सहाला लोह आणि कॅल्शियम, इथेच घोळ आहे. लोह आणि कॅल्शियम दोन्ही ह्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात पूर्ण जातच नाही. चार तासांचं अंतर पाहिजे म्हणजे पाहिजे. ॲसिडिटीच्या पांढऱ्या-गुलाबी औषधाचंही तेच, आणि मल्टीव्हिटॅमिनच्या डब्यावर मागे वाचा, त्यात लोह-कॅल्शियम असतंच. चहाला निदान अर्धा तास, तास असेल तर उत्तम, दूध घातलेला चहा तर नकोच लगेच. गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर. म्हणजे तुम्ही ५० घेताय खरं पण रक्तात किती जातंय ते देवालाच ठाऊक, रोज वेगळं. आणि लोहाच्या गोळीवरही चहा नको, चहाने लोह कमी लागू होतं, ९.८ वर आहात, एकेक गोळी कामी यायला हवी.

तेवढ्यावरून धडधडीचं मी काही सांगू शकत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ९.८ हिमोग्लोबिननेही धडधड होते हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, म्हणजे त्यांना दोन्ही बाजू दिसतील. डोस जास्त झाला की धडधड होते, हात थरथरतात, झोप जाते, घाम येतो, हे खरं आहे, फक्त तेच कारण आहे असं घरी बसून ठरवू नका.

बायोटिन. नका घेऊ, आणि घेतलंच तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद करा आणि लॅबला सांगा. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये तपासणीची पद्धतच अशी असते की रक्तातलं बायोटिन त्यात लुडबूड करतं, टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन थायरॉक्सिन, खोटं जास्त. डॉक्टरला वाटतं डोस जास्त झाला, ते कमी करतात, आणि पेशंट परत सुजून दुकानात येतो. एका बाई शिक्षिकाच होत्या, केसांच्या गोड गोळ्या खात होत्या, तीन महिने हाच खेळ झाला, मी विचारलं तेव्हा कळलं.

रक्त देताना त्या दिवशीची गोळी आधी घेऊ नका, सोबत न्या आणि रक्त दिलं की घ्या. कंपनी शक्यतो तीच ठेवा, बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि दुकानातून बाटली घेतल्यावर आकडा तिथेच वाचा, २५, ५०, ७५, १०० सगळ्या बाटल्या दिसायला सारख्याच, गर्दीत कुणाच्याही हातून चूक होते, माझ्याही हातून होऊ शकते, म्हणून मी पेशंटकडून मोठ्याने वाचून घेतो.

हडपसर_६१ (२८ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५)

मला दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, नंतर थायरॉइड निघालं. मला डॉक्टरांनी १२.५ पासून सुरू केलं आणि दीड-दीड महिन्याने थोडं थोडं वाढवलं, कारण गोळीने हृदयाचा वेग आणि त्याची ऑक्सिजनची भूक दोन्ही वाढते. मला तेव्हा फार चिडचिड व्हायची की शेजारच्यांना एकदम ७५ आणि मला पाव गोळी. आता कळतं की बरोबर होतं. कुणाच्या डोसची स्वतःशी तुलना करू नका, वजन, वय, हृदय सगळं बघून ठरतो. वाचणाऱ्या कुणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी तो सांगा.

धायरीची_सून (२८ डिसेंबर, रात्री ८:४०)

माझ्या आईने धन्याचं पाणी आणि प्राणायाम सुरू केलं आणि गोळी हळूहळू बंद केली, आता तिला बरं वाटतंय. आणि कोबी फ्लॉवर पूर्ण बंद. तुम्हीपण करून बघा, साइड इफेक्ट तरी नाही.

निवृत्त_मास्तर_औंध (२८ डिसेंबर, रात्री १०:१५)

सूनबाई, आईंना बरं वाटतंय हे ऐकून आनंदच आहे, पण एकदा त्यांचं टीएसएच तपासून घ्या, शक्य तितक्या लवकर. गोळी अंगात हळूहळू संपते म्हणून पहिले काही आठवडे काहीच फरक जाणवत नाही, आणि नंतर इतक्या हळू घसरण होते की माणसाला वाटतं वयच झालं. प्राणायाम जरूर करू द्या, धन्याचं पाणीही पिऊ द्या, पण ते गोळीच्या जागी नको. कोबी फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ला तर काही बिघडत नाही, आपल्याकडे कच्चा कोबी किलोभर कोण खातं.

मी ३० वर्षं फिजिऑलॉजी शिकवलं आणि आता माझी पत्नी ही गोळी घेते, म्हणून थोडं लांबण लावतो. हाशिमोटो म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडच्या पेशींवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या तरुण सर्जनने १९१२ साली ते पहिल्यांदा लिहिलं. त्यात आयोडीन कमी पडत नसतं, आपण आयोडीनचं मीठ खातोच, कारखानाच हळूहळू मोडत असतो. तो ज्याचा मोडला त्याचं पूर्वी काय व्हायचं हे मुलांना शिकवताना माझा घसा दाटायचा. अंग सुजायचं, बुद्धी मंद व्हायची, माणूस वर्षानुवर्षं खोलीच्या कोपऱ्यात बसून राहायचा आणि तसाच जायचा. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने अशा एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या बाई उठल्या, हिंडूफिरू लागल्या, आणि पुढे २८ वर्षं जगल्या, १९१९ पर्यंत, आयुष्यभर तो अर्क घेत. त्यासाठी शेकडो मेंढ्या लागल्या. पुढे १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज तुमच्या हातात जी पांढरी गोळी आहे तिच्यात तोच रेणू आहे जो तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीने बनवायचा. परका पदार्थ नाही. म्हणून कर्वेनगरच्या बाई, गोळीला घाबरू नका, चुकीच्या वेळेला आणि चुकीच्या डोसला घाबरा.

सहकारनगर_ताई (२८ डिसेंबर, रात्री १०:५०)

मास्तर, माझ्या आजीचं नेमकं असंच झालं होतं, ती दिवसभर उन्हातसुद्धा शाल घेऊन बसायची, कुणाला कळलंच नाही काय होतंय. असो.

कर्वेनगर, चहाचं. नवऱ्याबरोबरचा चहा अजिबात सोडू नकोस, गोळी हलव. दोन मार्ग. एक, उशाशी पाण्याचं फुलपात्र आणि गोळी ठेवायची, पाचला जाग आली की अंथरुणातच घ्यायची, मग पावणेसहाला चहा. दुसरा, रात्री झोपताना, पण शेवटचं जेवण होऊन तीन तास झाले पाहिजेत, मध्ये दूधही नाही. काही जणांना रात्रीचीच जास्त लागू होते. पण डॉक्टरांना विचारून एकच वेळ धर, आज सकाळी उद्या रात्री असं नको.

बाणेर_२९ (२९ डिसेंबर, सकाळी ९:१५)

एक छोटी गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. पुढे बाळाचा विचार असेल तर आधी टीएसएच बघून घ्या आणि दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळाला आईच्याच हार्मोनवर राहावं लागतं. मला हे उशिरा कळलं होतं, सुदैवाने सगळं नीट झालं, पण ते दोन आठवडे मी कसे काढले मला माहीत.

कर्वेनगरची (५ जानेवारी, रात्री ९:३०)

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. केमिस्टदादा, तुमचं वाचून मी तिथल्या तिथे उठून डब्याच्या मागचं वाचलं, मल्टीव्हिटॅमिनमध्ये पण लोह होतंच.

२९ तारखेलाच फॅमिली डॉक्टरांकडे गेले. नाडी ९६, ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. त्यांनी माझ्या थायरॉइडवाल्या डॉक्टरांशी माझ्यासमोरच फोनवर बोलून घेतलं. दोघांचं म्हणणं हेच की ५० माझ्या वजनाला जास्त नाहीये, धडधड बहुतेक रक्त कमी असल्याची, पण वाढली तर लगेच या. रात्रीची गोळी चालेल म्हणाले. आता सात वाजता जेवण, साडेदहाला गोळी. लोह दुपारी एक वाजता स्टाफरूममध्ये लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम शाळेतून आल्यावर चार वाजता. चहा आमचा पावणेसहाचा जसाच्या तसा.

एक अडचण. मी संकष्टी करते, चंद्रोदय नऊच्या पुढे, जेवायला साडेनऊ होतात. मग तीन तास कसे धरायचे? डॉक्टर म्हणाले त्या एका दिवशी पहाटे उठल्यावर घ्या, औषध आठवडाभर अंगात असतं, पाच-सहा तास मागेपुढे झाल्याने काही अडत नाही. सासूबाई समोरच होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे ही सवय नाही ना. डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास बसवून समजावलं. आता रात्री साडेदहाला त्याच हाक मारतात, गोळी घेतलीस का गं.

कर्वेनगरची (२२ मार्च, दुपारी ४:१५)

बरेच दिवसांनी लिहितेय, पण कुणी माझ्यासारखं घाबरून शोधत इथे येईल म्हणून पुढचं लिहून ठेवते. जानेवारीच्या शेवटी टीएसएच ७.९ आलं, डोस ७५ केला. गेल्या आठवड्यात २.६. हिमोग्लोबिन ११.४. धडधड फेब्रुवारीत थांबली, कधी थांबली तो दिवस सांगता येणार नाही, एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवसांत झालीच नाही. केस अजून गळतात पण कपाळाजवळ बारीक बारीक नवीन दिसतायत. वजन तीन किलो उतरलं, ताई म्हणाल्या तेवढंच. मधल्या दिवसांत दोन-तीनदा वाटलं की काही होतच नाहीये, तेव्हा मी ते खडकवासल्याचं परत काढून वाचायचे.

आवाज परत आलाय. शाळेत प्रार्थना मी सांगते, दोन महिने दुसऱ्या बाईंना द्यावी लागली होती, आता परत मी.

केमिस्टदादा, एक विचारायचं होतं. मे महिन्यात महिनाभर माहेरी जळगावला जाणार, तिथे ४४ डिग्री आणि दुपारी लाइट जाते. बाटली फ्रिजमध्ये ठेवू का?

पेठेतला_केमिस्ट (२२ मार्च, रात्री ९:५०)

ताई, २.६ वाचून फार बरं वाटलं. फ्रिजमध्ये नको, आत-बाहेर केलं की बाटलीत ओल धरते आणि ही गोळी ओलीला फार हळवी. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, कपाटात, कपड्यांच्या मध्ये ठेवा, मूळ बाटलीतच, झाकण घट्ट. ओट्याजवळ नको, खिडकीत नको. प्रवासात हातातल्या पर्समध्ये, गाडीच्या डिकीत उन्हात अजिबात नाही. आणि महिनाभराच्या वर आठ-दहा गोळ्या जास्त घेऊन जा.